अमेरिकेचा स्वभाव-नकाशा: वाचायचा कसा आणि वापरायचा कुठे

पुण्यातल्या एका अ‍ॅनालिटिक्स कंपनीत काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचा प्रश्न आहे: “आमच्या अमेरिकन क्लायंटला राज्यानुसार वेगवेगळी जाहिरात करायची आहे. त्यांनी अमेरिकेचा एक रंगीत नकाशा पाठवलाय. कुठल्या राज्यातले लोक मनमोकळे, कुठले चिंता करणारे, कुठे परंपरेला मान, कुठे नव्याची ओढ, असं त्यात दाखवलंय. शिवाय सगळ्या लोकसंख्येचे सात व्यक्तिमत्त्व-प्रकार पाडून द्यायला सांगितलेत. हे नकाशे नेमके बनतात कसे? आणि त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची?”

तुमच्या हातातला नकाशा खोटा असेल असं नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो तुमच्या क्लायंटचा प्रश्न नाही. नकाशा सांगतो ठिकाणाबद्दल, जाहिरात पोचते माणसापर्यंत. या दोहोंमध्ये केवढं अंतर आहे ते कळलं, की नकाशा कुठे कामाला येईल आणि कुठे तुम्हाला तोंडघशी पाडेल हे आपोआप समजेल. मी अमेरिकेत सर्वेक्षणाच्या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि हा घोळ मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकांमध्ये होताना पाहत आले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे पाहा, की ‘मूल्यांचा नकाशा’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात लोकांना प्रश्न विचारतात आणि त्यांच्या उत्तरांची राज्यवार सरासरी काढतात. दुसऱ्यात माणसांना काही विचारतच नाहीत. कायदे आणि संस्था मोजतात. तिसऱ्यात माणूस कुठे राहतो आणि काय विकत घेतो, यावरून तो कसा असेल याचा अंदाज बांधतात. तिन्ही नकाशांचे रंग सारखेच दिसतात, त्यामुळे तुमच्याकडे आलेला नकाशा यातला कुठला, हे क्लायंटला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिल्या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं काम रेंटफ्रो, गॉस्लिंग आणि पॉटर या तिघांचं, २००८ सालचं. इंटरनेटवर सहा लाखांहून जास्त अमेरिकनांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून त्यांनी राज्यवार स्वभाव काढला. मोजमाप होतं ‘बिग फाइव्ह’चं: नव्याबद्दलची उत्सुकता, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि चिंताळूपणा. नॉर्थ डकोटा बहिर्मुखतेत आणि सौजन्यात सगळ्यात वर आलं, वेस्ट व्हर्जिनिया चिंताळूपणात. न्यूयॉर्क, ऑरेगन, मॅसॅच्युसेट्स ही राज्यं उत्सुकतेत वरच्या रांगेत आली. पुढे २०१३ साली रेंटफ्रो आणि सहकाऱ्यांनी दहा लाखांहून मोठ्या माहितीवरून देशाचे तीन मानसिक प्रदेश दाखवले. मधला आणि दक्षिणेचा बराचसा पट्टा मैत्रीपूर्ण आणि रूढी पाळणारा, पश्चिमेकडचा निवांत आणि सर्जनशील, ईशान्येकडचा तापट आणि मोकळा. वर्तमानपत्रांनी हा नकाशा आनंदाने छापला. तुमच्या क्लायंटकडे बहुधा त्याचंच कुठलं तरी भावंड आलेलं असेल.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणजे २०१४ सालचं हॅरिंग्टन आणि गेलफंड यांचं काम. कुठल्या राज्यात नियम कडक आणि नियम मोडणाऱ्याला माफी कमी, कुठे सैल, याची त्यांनी पन्नास राज्यांची उतरंड लावली. मिसिसिपी सगळ्यात कडक, कॅलिफोर्निया सगळ्यात सैल. हे ठरवायला त्यांनी शाळेत मुलांना मारण्याची मुभा, फाशीचं प्रमाण, गांजाच्या गुन्ह्याला होणारी शिक्षा, दारूबंदी असलेल्या काउंट्या (म्हणजे जिल्हे), समलिंगी जोडप्यांच्या नात्याला कायद्याची मान्यता अशा गोष्टी धरल्या. काम चांगलं आहे, पण यातला एक धागा पाहा. २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाह देशभर मान्य केला. एका निकालासरशी त्या मुद्द्यावर सगळी राज्यं एका पातळीवर आली. मिसिसिपीतल्या माणसांचं मन त्या दिवशी बदललं नव्हतं. बदलला होता फक्त मोजपट्टीतला एक आकडा. कायद्यावरून बनवलेला नकाशा माणसांच्या मनाचा म्हणून वाचला तर अशी फसगत होते.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त विकला जातो. अमेरिकेत झिप कोड (आपल्या पिन कोडसारखे) १९६३ साली आले, तेही टपाल लवकर वेगळं करता यावं म्हणून. १९७० च्या दशकात जोनाथन रॉबिन यांच्या क्लॅरिटास कंपनीने जनगणनेची माहिती झिप कोडवर बसवली आणि सगळ्या देशातल्या वस्त्यांचे चाळीस गट पाडले. त्या पद्धतीचं नाव प्रिझम. गटांची नावंही चटकदार होती, ‘शॉटगन्स अँड पिकअप्स’, ‘ब्लू ब्लड इस्टेट्स’, ‘बोहिमियन मिक्स’. एका वस्तीत राहणारे लोक एकमेकांसारखे असतात, हा त्यामागचा विचार. खरेदीच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा ठरतो, कारण घराची किंमत, कुटुंबाचा आकार आणि गाड्यांची संख्या वस्तीवरून कळते. पण शेजारी राहणाऱ्या दोन माणसांचा स्वभाव त्यांच्या घराच्या किमतीवरून कळत नाही. प्रिझमने स्वभाव मोजल्याचा दावा कुणी केला, तर प्रश्नावली कुठे आहे ते विचारा.

आता मूळ अडचणीकडे येते. सरासरीतला फरक आणि माणसामाणसांतला फरक यांत केवढी तफावत आहे, ते आकड्यांतच पाहू. समजा, बहिर्मुखतेत एका राज्याची सरासरी दुसऱ्यापेक्षा प्रमाण विचलनाच्या (माणसं सरासरीभोवती किती विखुरलेली आहेत त्या मापाच्या) एक पंचमांशाने जास्त आहे. नकाशावर ही दोन राज्यं वेगवेगळ्या गडद रंगांत दिसतील. आता दोन्ही राज्यांतून डोळे मिटून एकेक माणूस उचला. जास्त बहिर्मुख राज्यातला माणूस खरोखर जास्त बहिर्मुख निघण्याची शक्यता किती? शंभरात छप्पन्न. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. म्हणजे नकाशाने तुम्हाला शंभर माणसांमागे जेमतेम सहा माणसांचा फायदा करून दिला. स्वतः गणित करून बघा: एक पंचमांशाला दोनच्या वर्गमुळाने भागा आणि नॉर्मल वितरणाच्या तक्त्यात पाहा. क्लायंटसमोर हा एकच आकडा ठेवलात तरी अर्धी बैठक जिंकाल.

याहून गंभीर चूक म्हणजे ठिकाणाचा निष्कर्ष माणसावर चिकटवणं. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली ती दाखवली, आणि आजही तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यांनी १९३० च्या अमेरिकन जनगणनेतून दोन गोष्टी घेतल्या: कोण परदेशात जन्मलंय आणि कोण निरक्षर आहे. राज्यवार टक्केवारी काढली तर ज्या राज्यात परदेशी जन्माचे लोक जास्त तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध (उणे एक ते अधिक एक या पट्टीवर) उणे ०.५३. नकाशावरून कुणीही म्हणेल की बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले असणार. पण तीच गोष्ट माणसागणिक मोजली तर सहसंबंध अधिक ०.१२. म्हणजे परदेशात जन्मलेला माणूस निरक्षर असण्याची शक्यता उलट थोडी जास्तच होती. मग नकाशा उलटा कसा झाला? बाहेरून आलेले लोक राहायला गेले ते न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत, जिथे शाळा चांगल्या आणि स्थानिक लोक साक्षर होते. गरीब दक्षिणेत फारसं कुणी गेलं नाही. राज्याचा आकडा बरोबर, माणसाचा आकडाही बरोबर, आणि एकावरून दुसऱ्याचा काढलेला अंदाज पूर्ण चूक. अमेरिकेच्या राजकारणातही हेच दिसलेलं आहे: श्रीमंत राज्यं डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकत असताना बऱ्याच निवडणुकांत एकाच राज्यातला श्रीमंत मतदार गरीब मतदारापेक्षा रिपब्लिकन पक्षाकडे जास्त झुकलेला होता. तुमच्या क्लायंटचं ‘चिंताळू राज्य’ म्हणजे ‘चिंताळू ग्राहक’ हे समीकरण याच जातीचं आहे.

आता नमुन्याचं बघू. अमेरिकेत मूल्यांवरचं सगळ्यात विश्वासार्ह काम शिकागो विद्यापीठातली नॉर्क ही संस्था करते. जनरल सोशल सर्व्हे हे तिचं सर्वेक्षण १९७२ पासून चालू आहे. त्यातला विश्वासाचा प्रश्न प्रसिद्ध आहे: साधारणपणे बहुतेक लोकांवर विश्वास टाकता येतो, की लोकांशी वागताना सावधच राहावं लागतं? विश्वास टाकता येतो म्हणणारे १९७२ साली सुमारे ४६ टक्के होते, २०१८ साली ३४ टक्क्यांच्या आसपास. देशाच्या मनाबद्दल इतकी मोलाची माहिती फार थोड्या ठिकाणी मिळते. पण ती देशाची आहे. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या ३३ कोटी १४ लाख भरली. त्यात कॅलिफोर्निया ३ कोटी ९५ लाख आणि वायोमिंग ५ लाख ७७ हजार. दोन हजार माणसांचा देशव्यापी नमुना घेतला तर कॅलिफोर्नियाच्या वाट्याला दोनशे चाळीसच्या आसपास माणसं येतील आणि वायोमिंगच्या वाट्याला तीन किंवा चार. तीन माणसांवरून वायोमिंगला रंग कसा देणार?

देतात, आणि ते कसं देतात हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, कारण तुमच्या नकाशात ते केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. पद्धतीचं नाव एमआरपी, म्हणजे ‘मल्टिलेव्हल रिग्रेशन अँड पोस्टस्ट्रॅटिफिकेशन’. आधी वय, लिंग, शिक्षण, वंश आणि प्रदेश यांवरून उत्तराचं प्रारूप बांधायचं; मग जनगणनेतून वायोमिंगमध्ये पन्नाशीच्या, कॉलेज न केलेल्या गोऱ्या बायका किती, तिशीतले पदवीधर पुरुष किती, असे खण मोजायचे आणि प्रत्येक खणात प्रारूपाचं उत्तर भरायचं. पद्धत उत्तम आहे, मी स्वतः ती वापरते. मात्र जिथे माणसं कमी तिथे प्रारूप शेजारच्या राज्यांकडून आणि तशाच लोकांकडून उसनं घेतं. मग नकाशावर दिसणारा वायोमिंगचा ‘स्वभाव’ बराचसा तिथल्या वयाचा आणि शिक्षणाचा असतो. वायोमिंगचं खरोखर काही वेगळेपण असेल, तर ते या प्रक्रियेत पुसलं गेलेलं असतं. नकाशासोबत प्रत्येक राज्यातून किती माणसं आली याचा तक्ता नसेल, तर तो मागवा. देत नसतील तर तो नकाशा बाजूला ठेवा.

यावर कुणी म्हणेल, की इंटरनेटवर लाखो लोकांनी प्रश्नावली भरली की छोट्या राज्यांचाही प्रश्न सुटला. संख्येचा सुटतो, प्रतिनिधित्वाचा सुटत नाही. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून राष्ट्राध्यक्षपदी आल्फ्रेड लँडन निवडून येणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. शितावरून भाताची परीक्षा होते ती भांडं नीट ढवळलेलं असेल तरच. वरवरची वीस लाख शितं घेतली तरी खाली भात कच्चा आहे का ते कळत नाही. व्यक्तिमत्त्वाची चाचणी हौसेने ऑनलाइन भरणारे लोक जास्त करून तरुण, स्वतःबद्दल कुतूहल असलेले आणि रिकामा वेळ असलेले असतात. वेटिंग करून, म्हणजे कमी आलेल्यांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, वय आणि लिंग जुळवता येतं, पण कुतूहल हा जनगणनेतला रकाना नाही. आणि इथे तर ते कुतूहलच आपल्याला मोजायचं आहे. फोनवरच्या सर्वेक्षणांचीही अवस्था बरी नाही. प्यू रिसर्च सेंटर या जनमत अभ्यासणाऱ्या संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ साली ३६ टक्के प्रतिसाद मिळायचा, २०१८ साली तो ६ टक्क्यांवर आला. म्हणून आता ते पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांचं कायमचं पॅनेल ठेवतात आणि नेट नसलेल्यांना टॅबलेटसुद्धा देतात. खर्चिक आहे, पण सध्या याहून चांगला मार्ग नाही.

विचारण्याची रीत बदलली तरी उत्तर बदलतं. समोर बसलेल्या माणसाला आपण खूप आनंदी आहोत असं सांगणं सोपं जातं, पडद्यावर टिचकी मारताना माणूस जास्त मोकळेपणाने नाराजी नोंदवतो. २०२१ साली कोविडमुळे जनरल सोशल सर्व्हे घरोघरी जाऊन घेता आला नाही, तो मुख्यतः वेबवर घेतला गेला. त्या वर्षी स्वतःला खूप आनंदी म्हणणारे एकदम कमी झाले. यातलं साथीमुळे किती आणि पद्धतीमुळे किती, हे वेगळं काढायला अभ्यासकांना बरेच कष्ट पडले. तुमच्या क्लायंटने जुन्या आणि नव्या सर्वेक्षणाचे नकाशे शेजारी ठेवून ‘बदल’ दाखवला असेल, तर दोन्ही एकाच रीतीने घेतलेत का, ते तपासा.

प्रश्नाच्या पोटातही एक अडचण असते. बिग फाइव्हच्या ४४ विधानांच्या प्रश्नावलीत पहिलं विधान असतं ते आपण बोलके आहोत या अर्थाचं. माणूस त्याला किती सहमती देतो हे तो स्वतःला कुणाशी ताडून बघतो यावर अवलंबून असतं. नॉर्थ डकोटातला शेतकरी शेजारच्या शेतकऱ्याशी तुलना करतो, मॅनहॅटनमधला वकील दुसऱ्या वकिलाशी. वकिलांमध्ये स्वतःला शांत समजणारी बाई नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहराच्या चर्चमध्ये गेली तर सगळ्यांत बडबडी ठरेल. यामुळे राज्याराज्यांतला खरा फरक कधी झाकला जातो, कधी नुसत्या तुलनेतून एखादा फरक तयार होतो.

मूल्यांच्या बाबतीत तर याहून खोल पाणी आहे. अमेरिकेच्या निवडणूक अभ्यासात १९९२ पासून मुलं वाढवण्यावर चार प्रश्न विचारतात. मुलामध्ये काय असणं जास्त महत्त्वाचं: स्वतंत्र वृत्ती की मोठ्यांचा आदर? स्वावलंबन की आज्ञाधारकपणा? कुतूहल की शिष्टाचार? दुसऱ्याचा विचार करणं की नीट वागणं? या चार उत्तरांवरून माणसाचा अधिकारशाहीकडे किती कल आहे ते मोजतात, आणि गोऱ्या अमेरिकनांच्या राजकीय मतांशी ते मोजमाप चांगलं जुळतं. कृष्णवर्णीय अमेरिकनांचा गुण या मोजपट्टीवर सरासरीने जास्त येतो. मग काही जणांनी त्यावरून मोठमोठे निष्कर्ष काढले. पेरेझ आणि हेदरिंग्टन यांनी २०१४ साली दाखवलं की ही मोजपट्टी दोन्ही समाजांत एकच गोष्ट मोजतच नाही. ज्या समाजातल्या आईला मुलाने पोलिसासमोर उद्धटपणा केला तर काय होईल याची धास्ती असते, तिने आज्ञाधारकपणा निवडला, तर त्यात सत्तेपुढे झुकण्याची हौस शोधू नये, असं मला वाटतं.

आपल्या लोकांना हे लगेच पटेल. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारं मराठी कुटुंब ‘मोठ्यांचा आदर’ क्षणाचाही विचार न करता निवडेल, आणि तेच कुटुंब मुलीला एकटीला दुसऱ्या टोकाच्या राज्यात कॉलेजला पाठवेल. अमेरिकन मोजपट्टी त्यांना परंपरावादी खणात टाकेल. अर्थात टाकेल ते कुटुंब नमुन्यात सापडलं तर! भारतीय वंशाचे लोक अमेरिकेच्या लोकसंख्येत दीड टक्क्याच्या आसपास आहेत. दोन हजारांच्या नमुन्यात पंचवीस-तीस भारतीय, त्यात मराठी किती ते तुम्हीच मोजा. प्यूने २०२२-२३ मध्ये सात हजारांवर आशियाई अमेरिकनांचं खास सर्वेक्षण केलं, इंग्रजीबरोबर हिंदी, चिनी, कोरियन, तागालोग आणि व्हिएतनामी भाषांत. असं मुद्दाम केल्याशिवाय हे लोक मूल्यांच्या नकाशात दिसतच नाहीत. त्यांच्यावर शेजाऱ्यांचा रंग चढतो. तुमच्या क्लायंटच्या ग्राहकांत भारतीय जास्त असतील, तर हा मुद्दा आधी मांडा.

आता सात प्रकारांबद्दल. इथे माझं मत ठाम आहे: माणसांचे प्रकार सापडत नसतात, ते पाडावे लागतात. पाडायला हरकत नाही. पण कशासाठी पाडलेत ते आधी ठरलेलं असावं लागतं.

या धंद्यातला आद्य प्रयत्न बघा. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत आर्नल्ड मिचेल यांनी १९७८ साली व्हॅल्स नावाची पद्धत आणली. मानसशास्त्रज्ञ मास्लो यांच्या गरजांच्या उतरंडीवर बेतून त्यांनी अमेरिकनांचे नऊ प्रकार केले: तळाला जेमतेम तगून राहणारे, शिखरावर परिपूर्ण झालेले, मध्ये आपल्या माणसांत राहू पाहणारे आणि यश कमावणारे. जाहिरात कंपन्यांनी ती उचलून धरली. मेरिल लिंच या शेअर-दलाल कंपनीची जाहिरात त्या काळी बैलांचा कळप धावताना दाखवायची. व्हॅल्सच्या नजरेने पाहिल्यावर लक्षात आलं, की कळप आवडतो तो आपल्या माणसांत राहू पाहणाऱ्यांना; शेअर बाजारात पैसा घालणारा गिऱ्हाईक मात्र यश कमावणाऱ्यांतला, आणि त्याला कळपात राहायचं नसतं. जाहिरातीत एकटा बैल आला. मला हे उदाहरण आवडतं, कारण इथे प्रकार एका निर्णयासाठी वापरला गेला आणि निर्णय तपासून पाहण्याजोगा होता.

पण पुढचा भाग बहुतेक लोक सांगत नाहीत. १९८९ साली एसआरआयने व्हॅल्स मोडून पुन्हा बांधली. सामाजिक मूल्यं काढून टाकली, त्या जागी मानसिक कल आणि माणसाकडची साधनसंपत्ती हे दोन अक्ष आणले, नवाचे आठ प्रकार झाले. कारण साधं होतं: समाजाची मूल्यं काळाबरोबर सरकतात, आणि खरेदीचा अंदाज त्यांच्यावरून पुरेसा चांगला येत नव्हता. ज्यांनी मूल्यांचा हा धंदा उभा केला त्यांनीच तो पाया बदलला, ही गोष्ट तुमच्या क्लायंटच्या कानावर घालण्यासारखी आहे.

मग माणसांत खरोखर नैसर्गिक गट असतात का? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गेरलाख, अमराल आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली पंधरा लाखांहून जास्त लोकांची बिग फाइव्ह माहिती घेऊन हेच तपासलं. नेहमीच्या क्लस्टरिंगने डझनाहून जास्त गट दाखवले. काटेकोर कसोटी लावल्यावर त्यातले बहुतेक आभासी निघाले. चार टिकले, आणि तेही जिथे अपेक्षेपेक्षा थोडी जास्त गर्दी आहे असे भाग होते, एकमेकांपासून तुटलेली बेटं नव्हेत. पंधरा लाख माणसांत चारच उंचवटे मिळत असतील, तर तुमच्या काही हजारांच्या नमुन्यात सात ठसठशीत प्रकार ‘सापडले’ असं कुणी म्हणालं तर सॉफ्टवेअरला सात मागितले होते म्हणून सात आले, असं समजा. के-मीन्स या गट पाडणाऱ्या गणिती पद्धतीला सात सांगा, तो सात देईल. अकरा सांगा, अकरा देईल.

राजकीय मूल्यांचे गट याच रीतीने होतात, फक्त तिथे हेतू स्पष्ट असतो. प्यूने २०२१ साली दहा हजारांवर लोकांच्या उत्तरांवरून नऊ राजकीय गट केले. मोअर इन कॉमन या संस्थेने २०१८ साली आठ हजार लोकांवरून सात केले आणि त्यातल्या मधल्या चार गटांना एकत्र ‘थकलेलं बहुमत’ म्हटलं, देशाच्या ६७ टक्के. एकाच देशाचे कुणी सात करतं, कुणी नऊ. दोन्ही उपयोगी, कारण दोघांना एकच गोष्ट दाखवायची होती: दोन पक्षांच्या आतही लोक एकसारखे नाहीत. यातला कुठलाही गट घेऊन मी टूथपेस्ट विकायला जाणार नाही.

आता तुमच्या कामाचं बोलते. स्वभावाला साजेशी जाहिरात केल्याने फरक पडतो का, याचा पुरावा आहे. मॅट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली फेसबुकवर पस्तीस लाखांहून जास्त लोकांपर्यंत पोचलेल्या प्रयोगांत दाखवलं, की बहिर्मुखतेला किंवा उत्सुकतेला जुळणारी जाहिरात न जुळणाऱ्या जाहिरातीपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त क्लिक आणि ५० टक्क्यांपर्यंत जास्त खरेदी देते. तिथे जुळणी राज्यावरून केलेली नव्हती, माणसाने काय लाइक केलं त्यावरून केलेली होती. शिवाय मूळ खरेदीचा दरच फार लहान असतो, त्यामुळे पन्नास टक्के वाढ ऐकून हुरळून जाऊ नका. आणि केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण (फेसबुकवरची लोकांची माहिती त्यांना न विचारता राजकीय प्रचारासाठी घेतल्याचं) २०१८ साली बाहेर आल्यापासून लोकांच्या लाइकवरून स्वभाव काढण्याला कायद्याचा आणि लोकांच्या रागाचा धोका आहे. तो मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही, मग क्लायंट कितीही आग्रह करो.

क्लायंटला राज्यवार नकाशाऐवजी मीडिया मार्केटवार नकाशा द्या. टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी नील्सन कंपनी अमेरिकेचे २१० मार्केट करते, स्थानिक टीव्हीची जाहिरात विकत घेताना तीच घ्यावी लागतात, आणि इलिनॉयमधलं शिकागो आणि दक्षिण टोकाचं कार्बनडेल यांना एका रंगात कोंबण्याची चूक त्याने टळते. प्रत्येक मार्केटमध्ये किती प्रकारची माणसं कुठल्या प्रमाणात आहेत ते दाखवा. एकच प्रबळ प्रकार रंगवू नका. प्रकार पाडायचेच असतील तर आधी विचारा की कुठला निर्णय बदलणार आहे: भाव, दुकानातली मांडणी, जाहिरातीतला माणूस, की काहीच नाही? त्या निर्णयाशी जोडलेले प्रश्न प्रश्नावलीत घाला, आणि माणसांना एकेक मूल्य किती महत्त्वाचं ते विचारू नका, कारण कुटुंब, प्रामाणिकपणा, सुरक्षितता सगळ्यांनाच ‘अत्यंत महत्त्वाची’ वाटते. चार-पाच मूल्यं समोर ठेवून यातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी कुठलं ते निवडायला लावा. माणसाचा कल कळतो तो त्याला काही सोडावं लागतं तेव्हा.

नमुन्याचे दोन भाग करा, एका भागावर प्रकार पाडा, दुसऱ्या भागावर तेच प्रकार पुन्हा निघतात का ते पाहा. सातपैकी चारच पुन्हा निघाले तर क्लायंटला चारच द्या. शेवटी ते आठ-दहा प्रश्नांचं टायपिंग टूल, म्हणजे नवा माणूस कुठल्या प्रकारात बसतो ते सांगणारी छोटी प्रश्नावली, मागतीलच. ते द्या, पण मूळ प्रकाराशी ते शंभरात किती वेळा जुळतं तो आकडा टूलच्याच पहिल्या पानावर छापा. आणि त्याच लोकांपैकी काहींना काही महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारण्याचा खर्च आजच अंदाजपत्रकात धरा. तो नंतर मागितला तर कुणी देत नाही.